बरोबरीची वागणूक, पण कधीपासून? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

१९०२च्या इंग्रज-जपानी मैत्रीकरारावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. नुसतं ‘छान लेख’ म्हणून पुढे जाणाऱ्यांपेक्षा भांडणारा वाचक मला कधीही चालतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लेख एकांगी आहे. आशियातल्या एका देशाला बरोबरीने वागवणारे पहिले युरोपीय इंग्रजच होते, हे मी दडवलं. ती दोस्ती अमेरिकेच्या हट्टापायी मोडली, तरी मी खापर लंडनवर फोडलं. आणि जपानच्या गोष्टीत मी हिंदुस्थान ‘ओढूनताणून’ आणला. शेवटच्या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, पण आधी बरोबरीचं बघू.

१८५८ साली इंग्रजांचा दूत लॉर्ड एल्गिन याने एदोला (आजच्या तोक्योला) जाऊन जो व्यापारी तह केला, त्यात दोन गोष्टी होत्या. जपानात गुन्हा करणाऱ्या इंग्रजाचा निवाडा इंग्रज वकिलातीच्या कोर्टातच होणार, आणि आयात मालावर किती जकात घ्यायची हे जपानने एकट्याने ठरवायचं नाही. या जाचाचा कळस १८८६ साली दिसला. ‘नॉर्मंटन’ नावाचं इंग्रज जहाज किई प्रांताच्या किनाऱ्याजवळ बुडालं. कप्तान आणि गोरे खलाशी होड्यांत बसून सुटले. जहाजावरचे २५ जपानी प्रवासी मात्र सगळेच्या सगळे बुडाले. कोबेच्या इंग्रज वकिलातीतल्या अधिकाऱ्याने चौकशी करून कप्तानाला निर्दोष ठरवलं. जपानभर संताप उसळला, तेव्हा योकोहामाच्या इंग्रज कोर्टाने त्याला तीन महिन्यांची कैद दिली. तीन महिने!

ही कोर्टं बंद करायचा करार १८९४ साली झाला, आणि ती प्रत्यक्ष बंद झाली १८९९ साली. जकातीचं पूर्ण स्वातंत्र्य जपानला मिळालं १९११ साली. म्हणजे ३० जानेवारी १९०२ रोजी इंग्रज परराष्ट्रमंत्री लॉर्ड लॅन्सडाउन आणि जपानचे प्रतिनिधी हायाशी तादासू यांनी लंडनमध्ये सह्या केल्या, त्या दिवशी तुमच्या या ‘बरोबरीच्या’ मित्राला स्वतःच्या बंदरातली जकातसुद्धा पूर्णपणे मनासारखी लावता येत नव्हती.

कागोशिमाचा दाखला तुम्ही दिलात. लढाई होऊनही दक्षिण जपानातल्या सात्सुमा संस्थानाच्या लोकांशी मैत्री केली, हा इंग्रजांचा मोठेपणा, असं तुम्ही लिहिलंय. मला तो प्रसंग वेगळा दिसतो. १८६२ साली योकोहामाजवळ नामामुगी इथे सात्सुमाच्या सरदाराची स्वारी चालली होती. रिचर्डसन नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने घोडा बाजूला घेतला नाही, म्हणून सामुराईंनी त्याला कापून काढलं. इंग्रजांनी शोगुनच्या (तेव्हाच्या जपानच्या लष्करी शासकाच्या) सरकारकडून १ लाख पौंड वसूल केले आणि सात्सुमाकडे आणखी २५ हजार मागितले. ते मिळेनात, म्हणून ऑगस्ट १८६३ मध्ये आरमार कागोशिमाच्या खाडीत शिरलं आणि तोफांच्या माऱ्यात शहराचा मोठा भाग जळून गेला. पण किनाऱ्यावरच्या तोफाही गप्प नव्हत्या. इंग्रजांच्या मुख्य जहाजावरचा कप्तान आणि त्याचा दुय्यम अधिकारी दोघेही मारले गेले, आणि आरमार एकही माणूस किनाऱ्यावर न उतरवता परत फिरलं. सात्सुमाला कळलं की आपल्याला असल्या तोफा हव्यात. इंग्रजांना कळलं की बोलायचं तर शोगुनपेक्षा या लोकांशी बोलावं. दोनच वर्षांत सात्सुमाने आपली तरुण पोरं गुपचूप लंडनला शिकायला धाडली. परदेशी जाणाऱ्याला तेव्हा देहदंड होता. चोशू या दुसऱ्या संस्थानाचे पाच जण त्यांच्याआधीच गेले होते. त्यातलाच इतो हिरोबुमी पुढे जपानचा पहिला पंतप्रधान झाला. यात मोठेपणा कोणाचाच नव्हता. हिशेब मात्र दोघांचाही चोख होता, आणि खरं सांगायचं तर मला त्याबद्दल दोघांचंही कौतुकच वाटतं.

आता हिंदुस्थान. तो मी आणलेला नाही, करारात छापलेला आहे. १९०२च्या करारात फक्त चीन आणि कोरिया होते. १२ ऑगस्ट १९०५ रोजी नवा करार झाला आणि त्याची हद्द ‘पूर्व आशिया आणि हिंदुस्थान’ अशी वाढली. तिसऱ्या कलमात इंग्रजांनी कोरियावरचा जपानचा ताबा मान्य केला. चौथ्या कलमात जपानने हिंदुस्थानच्या सरहद्दीबद्दलचा इंग्रजांचा खास हक्क मान्य केला. ही दोन कलमं लागोपाठची आहेत. तुझा कोरिया तुला, माझा हिंदुस्थान मला, असा तो व्यवहार. नोव्हेंबरात कोरिया जपानचा मांडलिक झाला आणि १९१० साली त्याच्या पोटात गेला.

तारखा शेजारी ठेवून बघा. मे १९०५च्या अखेरीस त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत जपानी नौसेनापती टोगोने रशियाचं आरमार बुडवलं. टोगोचं ‘मिकासा’ हे जहाज इंग्लंडमध्येच बांधलेलं होतं. आशियाई देशाने गोऱ्यांना हरवलं म्हणून टिळकांसकट आपल्याकडचे राष्ट्रीय पक्षाचे लोक हरखून गेले, आणि ते स्वाभाविकच होतं. पण तीन महिन्यांच्या आत त्याच जपानने आपल्यावरच्या इंग्रज राज्याच्या रखवालीवर सही केली. ऑक्टोबरात बंगालची फाळणी अमलात आली.

आणि सही नुसती कागदावर राहिली नाही. फेब्रुवारी १९१५ मध्ये सिंगापुरात पाचव्या लाइट इन्फन्ट्रीच्या हिंदी शिपायांनी बंड केलं. ते मोडायला जपानी नौसैनिक उतरले, तिथे राहणारे जपानी नागरिकही बंदुका घेऊन पुढे आले. नंतर चाळीसहून अधिक शिपायांना भर लोकांत गोळ्या घातल्या गेल्या. त्याच वर्षी क्रांतिकारक रासबिहारी बोस जपानला पोचले, तेव्हा इंग्रजांच्या आग्रहावरून तोक्यो सरकारने त्यांना देश सोडायचा हुकूम काढला. ते वाचले ते सरकारच्या कृपेने नाही. तोयामा मित्सुरू या राष्ट्रवादी पुढाऱ्याच्या माणसांनी त्यांना पळवलं आणि शिंजुकूच्या नाकामुराया बेकरीच्या मालकांनी घरात लपवलं. हे सगळं वगळून मी त्या कराराबद्दल लिहायचं तरी काय?

ओढूनताणूनच आणायचं असतं तर मी १६७३पर्यंत मागे गेलो असतो. हिरादोची वखार ५० वर्षांपूर्वी बंद केलेले इंग्रज तेव्हा ‘रिटर्न’ जहाज घेऊन नागासाकीला परत आले. जपान्यांनी त्यांना व्यापार नाकारला, कारण इंग्लंडच्या राजाची राणी कॅथरीन ही पोर्तुगीज होती आणि पोर्तुगीजांना जपानने कधीच हाकललं होतं. ज्या लग्नात इंग्रजांना मुंबई आंदण मिळाली, त्याच लग्नाने त्यांचा जपानचा दरवाजा बंद केला. लेखाची लांबी बघून हा किस्सा मी गाळला होता, तुमच्यामुळे सांगता आला.

राहिला अमेरिकेचा मुद्दा. अमेरिकेला हा करार नको होता, हे खरं आहे, कॅनडाचाही विरोध होता. पण करार मोडायची वेळ आली तोवर जर्मनीचं आरमार समुद्राच्या तळाशी गेलं होतं आणि रशियात झारच उरला नव्हता. गरज सरो, वैद्य मरो. १९१९ साली पॅरिसच्या शांतता परिषदेत जपानने राष्ट्रसंघाच्या घटनेत वांशिक समानतेचं कलम मागितलं. १७ पैकी ११ मतं मिळाली, पण एकमत नाही म्हणून अध्यक्ष विल्सनने ते फेटाळलं. तिथे अमेरिकेला दोष द्या, माझी हरकत नाही. पण इंग्रज साम्राज्याच्या शिष्टमंडळाने आपला मित्र म्हणून जपानला साथ दिली का? नाही. सगळ्यात कडवा विरोध तर ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधान ह्यूजचा. गंमत अशी की दोन वर्षांनी करार टिकवा म्हणून लंडनला सर्वांत जोरात बोलला तो हाच ह्यूज, कारण जपान बांधलेला असला तर ऑस्ट्रेलियाला झोप लागणार होती.

त्याच १९२१ साली, करार जिवंत असताना, लंडनच्या मंत्रिमंडळाने सिंगापूरला मोठा नाविक तळ बांधायला मान्यता दिली. तो कोणाविरुद्ध होता, हे तुम्हीच सांगा. आणि त्याच वर्षी सेम्पिल नावाच्या इंग्रज वैमानिक अधिकाऱ्याच्या हाताखाली एक तुकडी जपानात कासुमिगाउराला गेली. तिने जपानी आरमाराच्या वैमानिकांना शिकवलेल्या गोष्टींत विमानातून टॉर्पेडो सोडणंही होतं. १० डिसेंबर १९४१ रोजी मलायाच्या किनाऱ्याजवळ ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ या दोन इंग्रज युद्धनौका जपानी आरमाराच्या विमानांनी बुडवल्या, त्यात टॉर्पेडोंचाच वाटा मोठा होता. सिंगापूर १५ फेब्रुवारी १९४२ला पडलं, तळासकट.

१९३३ साली जपानी कापडावर इथे ७५ टक्के जकात बसली आणि जपानी गिरण्यांनी आपल्याकडचा कापूस घेणं थांबवलं, तो लँकेशायर, ओसाका आणि मुंबईचा तिरंगी सामना मी पुढच्या लेखासाठी राखून ठेवलाय. त्यावरही असंच लिहा.