प्रशिक्षकाचा पासपोर्ट बघून कप मिळत नाही

'आजवर एकाही परदेशी प्रशिक्षकाने फुटबॉलचा वर्ल्ड कप जिंकून दिलेला नाही. राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक त्याच देशाचा हवा, आणि फिफाने तसा नियमच करावा.' जर्मनीचे थॉमस टुखेल इंग्लंडचे आणि इटलीचे कार्लो अँचेलोटी ब्राझीलचे प्रशिक्षक झाल्यापासून हा मजकूर जिकडेतिकडे फिरतो आहे. त्यातला आकडा खरा असल्यामुळे पुढचं सगळंच लोकांना पटतं. मला ते पटत नाही. असा नियम झालाच, तर फुटबॉलमध्ये जे देश आधीच मागे आहेत त्यांची वाट कायमची बंद होईल.

आधी तो आकडा बघू. १९३० ते २०२२ या काळात पुरुषांचे २२ वर्ल्ड कप झाले आणि बावीसही वेळा विजेत्या संघाचा प्रशिक्षक त्याच देशाचा होता. पण हे २२ कप गेले कुठे? ब्राझील ५, जर्मनी आणि इटली प्रत्येकी ४, अर्जेंटिना ३, उरुग्वे आणि फ्रान्स प्रत्येकी २, इंग्लंड आणि स्पेन प्रत्येकी १. म्हणजे अवघे आठ देश. प्रशिक्षक घडवण्याची त्यांची परंपरा जुनी आहे, बाहेर बघायची वेळ त्यांच्यावर क्वचितच आली. बाहेरचा माणूस आणतात ते बहुतेक करून असे देश, ज्यांना घरचा प्रशिक्षक ठेवूनही कप मिळाला नसता. हे देश दुबळे होते म्हणून परदेशी प्रशिक्षक आला. तो आला म्हणून ते हरले, असं नाही.

शिवाय हा विक्रम किती थोडक्यात टिकला तेही बघा. २५ जून १९७८, ब्युनोस आयर्स. अंतिम सामन्यात अर्जेंटिना आणि नेदरलँड्स १-१ वर अडकलेले. नेदरलँड्सचे प्रशिक्षक अर्न्स्ट हॅपल, ऑस्ट्रियाचे. नव्वदाव्या मिनिटाला रॉब रेन्सेनब्रिंकचा फटका गोलरक्षकाला चकवून गेला आणि गोलच्या खांबावर आदळून परत आला. जादा वेळेत अर्जेंटिनाने ३-१ ने कप नेला. तो चेंडू चार बोटं आत गेला असता, तर आज फिरणाऱ्या मजकुराचं पहिलं वाक्यच लिहिता आलं नसतं.

आणि वर्ल्ड कपच का मोजायचा? २००४ च्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ग्रीसचे ओटो रेहागेल जर्मन, तर पोर्तुगालचे स्कोलारी ब्राझीलचे. त्याआधी मोठ्या स्पर्धेत एकही सामना न जिंकलेला ग्रीस युरोपचा विजेता झाला. २०१२ मध्ये झांबिया आणि २०१५ मध्ये आयव्हरी कोस्ट आफ्रिकेचे विजेते झाले, दोन्ही वेळा प्रशिक्षक फ्रान्सचे एर्व्हे रेनार. चिलीने २०१५ ची कोपा अमेरिका ही दक्षिण अमेरिकेची स्पर्धा जिंकली ती अर्जेंटिनाच्या साम्पाओलींच्या हाताखाली. महिला फुटबॉल तर या मजकुरात औषधालाही नाही. इंग्लंडच्या महिलांनी २०२२ आणि २०२५ ची युरो जिंकली ती नेदरलँड्सच्या सरीना विग्मन यांच्यासोबत.

घरचाच प्रशिक्षक हवा म्हणणाऱ्यांचा दुसरा मुद्दा भावनेचा आहे. राष्ट्रगीत ऐकून ज्याचा ऊर भरून येत नाही, तो जीव ओतून काम कसा करेल? जॅक चार्लटन १९६६ च्या विश्वविजेत्या इंग्लंड संघाचे खेळाडू. १९८८ च्या युरोमध्ये ते आयर्लंडचे प्रशिक्षक होते आणि समोर इंग्लंडच. आयर्लंडने १-० ने जिंकलं. पुढे आयर्लंडने त्यांना मानद नागरिकत्व दिलं. पिया सुंडहागे स्वीडनच्या. अमेरिकेच्या महिला संघाला त्यांनी २००८ आणि २०१२ ची ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवून दिली. उलट सप्टेंबर २०२४ मध्ये इंग्लंडचे तेव्हाचे हंगामी प्रशिक्षक ली कार्सली यांनी इंग्लंडचं राष्ट्रगीत म्हटलं नाही म्हणून गदारोळ झाला. कार्सलींचा जन्म बर्मिंगहॅमचा, पण ते खेळले आयर्लंडकडून. त्या दिवशी डब्लिनमध्ये इंग्लंडने आयर्लंडला २-० ने हरवलं. गोल कोणी केले? डेक्लन राइस आणि जॅक ग्रीलिश, दोघंही आधी आयर्लंडच्या संघांतून खेळलेले. यात कोणाची निष्ठा कुठे मोजणार?

परदेशी प्रशिक्षकाची भाषा खेळाडूंना कळत नाही, हा मुद्दा चटकन संपवतो. रेहागेल यांचं बोलणं ग्रीक खेळाडूंपर्यंत त्यांचे सहायक टोपालिडिस पोहोचवत. आणि इंग्लंडचे खेळाडू आपापल्या क्लबमध्ये वर्षभर परदेशी प्रशिक्षकांच्याच हाताखाली खेळतात. १९९२ मध्ये सुरू झालेली प्रीमियर लीग ही तिथल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा एकाही इंग्लिश प्रशिक्षकाने जिंकलेली नाही.

'खेळाडूला नागरिकत्वाची अट, मग प्रशिक्षकाला का नको?' हा यातला सर्वात वजनदार प्रश्न. खेळाडूंना अट नसती, तर श्रीमंत देशांनी दर चार वर्षांनी नवे स्ट्रायकर विकत घेतले असते आणि स्पर्धेला अर्थच उरला नसता. प्रशिक्षक आणतो ते ज्ञान, आणि ज्ञान या खेळात कायम सीमा ओलांडत आलं आहे. १९५३ मध्ये हंगेरीने लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर इंग्लंडला ६-३ ने लोळवलं, तेव्हा हंगेरीच्या मंडळींनी श्रेय दिलं जिमी होगन या इंग्लिश प्रशिक्षकाला. इंग्लंडला खेळ शिकवायला स्वतःचा माणूस होता, तो शिकवत होता परदेशात. २००२ पूर्वी वर्ल्ड कपमध्ये एकही सामना न जिंकलेल्या दक्षिण कोरियाने डच प्रशिक्षक हिडिंक यांच्यासोबत उपांत्य फेरी गाठली. कोरियाला 'आधी घरचा माणूस तयार करा, मगच या' असं सांगायला हवं होतं का?

शेवटची तक्रार मात्र मी मनापासून ऐकतो: परदेशी माणसामुळे घरच्या प्रशिक्षकांची संधी जाते. आफ्रिकेत ही खंत जुनी आहे आणि खरी आहे. आयव्हरी कोस्टने जानेवारी २०२४ मध्ये स्पर्धेच्या मध्यावर फ्रेंच प्रशिक्षकाला निरोप दिला, सहायक एमर्स फाए यांच्याकडे संघ सोपवला, आणि ते आफ्रिकेचे विजेते झाले. फाए आधीपासून तिथेच होते. त्यांच्याकडे कोणी बघितलं नव्हतं, हा दोष निवड करणाऱ्यांचा. तो बंदी घालून जाणार नाही. करारातच अट घाला की परदेशी प्रशिक्षकाच्या बरोबरीने देशातला माणूस काम करेल. आइसलँडने स्वीडनचे लार्स लागरबॅक आणले आणि त्यांच्या जोडीला आपले हेमिर हॅलग्रिमसन दिले, पेशाने दंतवैद्य. २०१६ च्या युरोत या जोडीने इंग्लंडला २-१ ने घरी पाठवलं. लागरबॅक गेल्यावर हॅलग्रिमसन यांनी एकट्याने आइसलँडला २०१८ च्या वर्ल्ड कपपर्यंत नेलं. पुढे जमैकाने त्यांना बोलावलं आणि त्यानंतर आयर्लंडने.