पिढी बदलली म्हणून ऑस्ट्रेलिया बदलला नाही

ऑस्ट्रेलियातल्या मराठी मंडळींत एक मेसेज फिरतोय: 'हा देश मुळातच मोकळ्या मनाचा. इथे कुणाला भांडावं लागलं नाही. जुनी पिढी गेली, नवी आली, सगळं आपोआप बदललं. आदिवासींना 1967 साली मतदानाचा हक्कही दिला.' वाचून राहवलं नाही.

मुळातच मोकळा? 1901 साली संघराज्य झालं आणि त्याच वर्षी गोरे नसलेल्यांना बाहेर ठेवणारा कायदाही आला. अधिकारी 50 शब्दांचा उतारा वाचणार, येणाऱ्याने तो लिहून दाखवायचा. भाषा अधिकारी ठरवणार. इंग्रजी येतं? मग दुसरी काढू! 1934 साली नाझीविरोधी पत्रकार एगॉन किश आले. त्यांना अनेक युरोपीय भाषा येत होत्या, म्हणून त्यांच्यापुढे स्कॉटिश गेलिक ठेवली. किश कोर्टात गेले आणि जिंकले. तरी ही परीक्षा 1958 पर्यंत टिकली, आणि गोऱ्यांसाठीच देश राखण्याचं धोरण पुरतं संपायला 1973 उजाडलं. 2021 च्या जनगणनेत परदेशात जन्मलेल्यांमध्ये इंग्लंडखालोखाल भारतातलेच लोक आहेत. आपल्याला तरी हा इतिहास ठाऊक हवा.

1967 चं तर साफ चूक आहे. केंद्राच्या निवडणुकीत सगळ्या आदिवासींना मत देता येऊ लागलं 1962 मध्ये. 1967 चं सार्वमत होतं ते त्यांना लोकसंख्येत मोजावं आणि केंद्राला त्यांच्यासाठी कायदे करता यावेत म्हणून. 90 टक्क्यांहून जास्त लोक 'हो' म्हणाले, पण त्याआधी फेथ बँडलर आणि त्यांचे सहकारी 10 वर्षं सह्या गोळा करत, सभा घेत फिरत होते.

'भांडावं लागलं नाही' हे बायकांसमोर म्हणून बघा. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बाईचं लग्न झालं की तिची कायम नोकरी जायची. काहीजणी लग्न लपवून कामावर यायच्या. हा नियम 1966 पर्यंत होता. त्याच्या आदल्या वर्षी ब्रिस्बेनच्या रेगाटा हॉटेलात, जिथे बायकांना पब्लिक बारमध्ये दारू देत नसत, मर्ल थॉर्नटन आणि रोझली बॉग्नर यांनी बारच्या दांडीला स्वतःला साखळीने बांधून घेतलं. थॉर्नटन पुढे नोकरीच्या नियमाविरुद्धही लढल्या.

राहिली नवी पिढी. आदिवासींचा आवाज संसदेपर्यंत नेणारी संस्था घटनेत आणावी का, असा प्रश्न 2023 मध्ये मतदारांपुढे आला. सहाही राज्यांनी 'नाही' म्हटलं.