‘ज्यांनी युद्ध पाहिलं नाही’: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

दुसऱ्या महायुद्धात जर्मन छावणीतून बोगदा खणून निसटलेल्या कैद्यांवरच्या ‘द ग्रेट एस्केप’ या पिक्चरबद्दलच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही म्हणता, मोटारसायकलची उडी खोटी, सुटलेल्यांत अमेरिकन नव्हतेच, कैद्यांची छावणी म्हणजे जणू सहल. आणि शेवटी हे: “ज्यांनी युद्ध पाहिलं नाही त्यांनाच असले पिक्चर आवडतात. तुमच्यासारख्यांनी इतिहासाच्या वाटेला जाऊ नये.”

आधी माझी चूक. बोगद्यातून ७३ जण निसटले असं मी लिहिलं होतं. २४ मार्च १९४४च्या रात्री निसटले ७६. ७३ हा पुन्हा पकडले गेलेल्यांचा आकडा. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. पण हे एका ओळीत सांगता आलं असतं. आपली ओळखदेखील नाही, मग ‘तुमच्यासारख्यांनी’ कशाच्या जोरावर?

आता युद्ध पाहिलेल्यांबद्दल.

माझे वडील फौजेत ईएमईला, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, व्हेइकल मेकॅनिक होते. १९७१च्या युद्धात जम्मूच्या सीमेवर, छांबमध्ये बंद पडलेले रणगाडे मागे ओढून आणण्याचं काम त्यांच्याकडे होतं. रणगाड्यात कधी कधी माणसंही असायची. त्याबद्दल ते घरात एवढंच बोलले, तेही एकदाच. हा पिक्चर मी त्यांच्या शेजारी बसून पाहिला, खडकीच्या लाइनीत, उघड्या मैदानावर, सतरंजीवर. उडीच्या वेळी सगळं मैदान शिट्ट्या मारत होतं. वडील वाकून माझ्या कानात म्हणाले, “ही जर्मन गाडी नाही, ट्रायम्फ आहे. रंग बदललाय फक्त.” खोटं त्यांनी तिथेच पकडलं होतं. तरीही पुढच्या आठवड्यात तो पिक्चर पाहायला आम्ही पुन्हा गेलो.

कशासाठी? दुधाच्या पावडरीचे रिकामे डबे एकाला एक जोडून केलेली हवेची नळी. किटबॅगेचा भाता. बोगद्याचं छत धरून ठेवायला पलंगांच्या काढलेल्या फळ्या. विजारीत लपवलेल्या पिशव्यांतून मैदानात सांडलेली पिवळी माती. हे सगळं त्या छावणीत खरोखर घडलेलं आहे. हाताशी काही नसताना माणूस काय उभं करतो, हे वडिलांनी स्वतः केलेलं होतं. पडद्यावर ते दिसलं की ते पुढे सरकून बसायचे. इतिहास फक्त उडीत शोधला तर तो सापडणार नाही, महोदय.

आणि पकडलेल्यांपैकी ५० जणांना गोळ्या घातल्या, त्याचं काय? पिक्चरमध्ये त्यांना एका मैदानात एकत्र मारलेलं दाखवलं आहे. प्रत्यक्षात गेस्टापोनं, नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्यांना छोट्या-छोट्या गटांत, वेगवेगळ्या ठिकाणी मारलं. मार्चमध्ये तिथे बर्फ होता, पिक्चरमध्ये उन्हाळा आहे. हे दोन्ही माझ्याच लेखात, चौथ्या परिच्छेदात आहे. तुम्ही तिथवर पोचला होता का? तो पिक्चर त्या पन्नास जणांना अर्पण केलेला आहे. ते वाक्य पडद्यावर आलं तेव्हा वडील उठून उभे राहिले होते. मला तेव्हा कळलं नव्हतं का. मी हातातले शेंगदाणे खाली ठेवले, एवढं आठवतं. त्यानंतर लायब्ररीत जाऊन मी छावणीबद्दल जे मिळेल ते वाचून काढलं. शेवटपर्यंत हाती न लागलेले खरे तिघे, दोन नॉर्वेजियन आणि एक डच, मला तिथे पुस्तकांत भेटले. पिक्चर नसता तर मी त्या कपाटाकडे फिरकलोच नसतो.

अमेरिकन नट का घेतले, कॅनडावाल्यांना का वगळलं, ही सगळी जुनी चर्चा आहे. तिच्यात मला पडायचं नाही.

तुमची प्रतिक्रिया मी उडवणार नाही. मात्र ते ‘ज्यांनी युद्ध पाहिलं नाही’ तुम्ही मागे घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. वडील जाऊन आता नऊ वर्षं झाली. ते असते तर माझे सगळे लेख मी त्यांना वाचून दाखवले असते, खालच्या प्रतिक्रियांसकट. ही एक मला वाचता आली नसती.