नाटकाच्या तासाचं मूल्यमापन होतं, फक्त अभिनयाचे गुण देऊ नका

‘पहिली-दुसरीत नाटकाचा तास म्हणजे वेळ फुकट. मुलं दंगा करतात, लाजाळू मुलं कोपऱ्यात बसून राहतात. आणि ज्याचं मूल्यमापनच होत नाही, ते शिकवायचं कशाला?’ हा मजकूर सध्या पालक एकमेकांना पाठवताहेत.

दंगा? सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांनी १९३३ साली खेळावर दिलेल्या व्याख्यानात दोन सख्ख्या बहिणींचं उदाहरण आहे. त्या ‘बहिणी-बहिणी’ खेळतात आणि बहिणीने कसं वागायचं, याचे नियम कसोशीने पाळतात. एरवी तसं वागायचं त्यांच्या मनातही येत नाही. भूमिका घेतली की मूल आपणहून नियमाने वागतं.

लाजाळू मुलांचा मुद्दा तर स्नेहसंमेलनाला लागू होतो, वर्गाला नाही. वर्गातल्या नाटकात प्रेक्षकच नसतात, सगळे एकदम आत असतात. डोरोथी हीथकोट (१९२६–२०११) या ब्रिटिश शिक्षिका स्वतः भूमिका घेऊन मुलांत उतरत. बाई वाट चुकलेल्या प्रवासी झाल्या, तर वाट सांगणारी जाणकार माणसं मुलंच! त्यात कुणी बोलेल, कुणी गुपचूप नकाशा काढेल. दोघांचाही सहभाग खराच.

आता मूल्यमापन. सहा वर्षांच्या मुलाला ‘अभिनय : दहापैकी सात’ असं देणं मलाही चुकीचं वाटतं, आणि त्याला माझा ठाम विरोध आहे. पण गुण देता येत नाहीत म्हणजे काहीच तपासता येत नाही, हे कुठलं तर्कशास्त्र? बघण्यासारखं भरपूर असतं. मूल भूमिकेत किती वेळ टिकतं? दुसऱ्याने सुचवलेलं स्वीकारून पुढे नेतं, की ‘नाही, असं नाही’ म्हणून तोडतं? राजाशी आणि चोराशी बोलताना त्याची भाषा बदलते का? आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे खेळ थांबवून ‘तू दार का उघडलं नाहीस?’ असं विचारल्यावर ते त्या पात्राच्या बाजूने कारण देतं का? ‘म्हातारीला वाटलं, परत लांडगाच आलाय’ हे उत्तर जसंच्या तसं वहीत उतरवून घ्यावं. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते त्या मुलाला कळतंय, याचा तो पुरावा आहे. कुठल्याही लेखी परीक्षेत तो असा हाती लागत नाही.

मोठ्या वर्गात हे जमणार कसं, अशी शंका शिक्षक घेतात, आणि ती रास्त आहे. एका तासाला चार-पाच मुलंच निवडावीत, त्यांच्याच नोंदी कराव्यात. बाकीच्यांच्या पुढच्या तासांना.