वडिलांनी लावलेली गोडी

पुण्यातील कोथरूडच्या जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालयावरील (छोट्या नमुना रेल्वेगाड्यांच्या संग्रहालयावरील) एक लेख वाचून माझ्या दिवंगत वडिलांची फार आठवण झाली. भाऊ जोशी यांनी १९९८ मध्ये हे संग्रहालय सर्वांसाठी खुले केले आणि पुढे वडिलांनीच मला तेथे प्रथम नेले. धावत्या गाड्यांपेक्षा सिग्नल आणि सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणारे जोड) यांचा मेळ पाहण्यात ते अधिक रमत. आपल्या ब्रॉडगेज रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर असल्याने १:८७ या प्रमाणात, म्हणजे मूळच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढ्या नमुन्यात, ते एकोणीस मिलिमीटरांहून अधिक भरायला हवे, परंतु एचओ मापाचे (याच प्रमाणातील नमुना रेल्वेचे) तयार रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचेच मिळतात, त्यामुळे भारतीय डबे त्यांवर किंचित रुंद दिसतात, हे त्यांनी मला कागदावर गणित मांडून समजावले होते. माझी खरी आवड तेथूनच सुरू झाली. (लेखात या मापांविषयी दोन ओळी असत्या तर नवख्या वाचकांना मोठी मदत झाली असती.) पूर्वी दोन इंजिने स्वतंत्रपणे चालवायची तर रुळांचे विद्युतदृष्ट्या वेगळे भाग पाडून प्रत्येकाला निराळे बटण जोडावे लागे, आणि वडील ते काम अतिशय निगुतीने करत. एकाच रुळावरील प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र आज्ञा देणारी डिजिटल पद्धत आमच्या घरी त्यांच्या पश्चात आली. ती त्यांना दाखवता आली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.