ईयोबाचे मित्र सात दिवस बरोबर होते

दुःखावरच्या एका लेखात म्हटलंय की प्रत्येक दुःखामागे देवाचा हेतू असतो आणि तो शोधला की आशा मिळते. पटतं, पण अर्धंच. आईच्या शेवटच्या आजारपणात रात्री दोन वाजता सलाईनचे थेंब मोजत बसले होते, तेव्हा असा हेतू कोणी समजावला असता तर मी त्याला खोलीबाहेर काढलं असतं!

बायबलमधल्या ईयोबाने मुलं, संपत्ती, आरोग्य सगळं गमावलं, तेव्हा त्याचे मित्र पहिले सात दिवस-रात्र जमिनीवर त्याच्याशेजारी गप्प बसले. तिथवर ते बरोबर होते. तोंड उघडून कारणं सांगू लागले आणि चुकले; शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. ईयोबाला मात्र ‘का’ याचं उत्तर मिळालंच नाही, देव भेटला.

दुःखातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा असं प्रेषित पौल बायबलमधल्या पत्रात रोममधल्या ख्रिस्ती लोकांना लिहितो. मधल्या दोन पायऱ्या आपण प्रवचनात फार भरभर चढतो. बायबलमधलं स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, तरी ते प्रार्थनाच आहे. त्या रात्री मी तेच वाचत होते. आई झोपेत माझं बोट धरून होती.