जिना चढायचा नाही, हे दुसऱ्या मजल्यावर ऐकताना

काल अस्थिरोगतज्ज्ञांनी माझ्या ७६ वर्षांच्या आईला बजावले, "आजी, यापुढे जिना चढायचा नाही." हे ज्या खोलीत बजावले ती दुसऱ्या मजल्यावर असून तिथवरच्या ३२ पायऱ्या आई कठडा घट्ट धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पावले टेकवत चढून आली होती. लिफ्ट आहे. तिच्या दाराला दोरीने बांधलेल्या 'काम चालू आहे' या पुठ्ठ्यावर आता धुळीचा थर बसला आहे. अकराची वेळ दिली होती. साहेब पावणेएकला आले. एक्स-रेसाठी तळमजल्यावर पाठवले, म्हणजे ३२ पायऱ्या खाली आणि फिल्म घेऊन पुन्हा ३२ वर. ती फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून, एका हाताने फोन सांभाळत, साहेबांनी निदान केले: "वयोमानानुसार."

या शब्दाची मला चीड आहे. तीन वर्षांपूर्वी आई मोरीत घसरून तिचे मनगट मोडले, तेव्हाही हाच शब्द ऐकवला होता. प्लास्टर घातले, काढले, पैसे घेतले. पण या वयात नुसत्या पडण्याने मनगट मोडले तर हाडांची घनता तपासायची असते, हे एकाही शहाण्याने सांगितले नाही. ती तपासणी गेल्या आठवड्यात मीच हट्टाने करवली, तर टी-स्कोअर उणे ३.१ निघाला. उणे २.५ लाच ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा आजार, म्हणतात आणि आम्ही तीन वर्षे कॅल्शियमच्या गोळ्या व ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटांच्या पुड्या यांवर काढली! शिवाय सरकारने २०१७ साली कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातल्यापासून गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेच्या अंदाजपत्रकात तो रकाना अगदी सोज्वळ दिसतो, आणि त्याखालचा 'इतर साहित्य' हा रकाना मात्र बाळसे धरून असतो.

हे सर्व मी काउंटरवरच्या मुलीला सुनावले. लिफ्टशी आणि माझ्या आईच्या मनगटाशी तिचा काडीचा संबंध नाही, हे मला सुनावतानाही कळत होते. आणखी आवेश चढून खुर्चीवरून ताडकन उठलो, तसा माझाच उजवा गुडघा असा वाजला की रांगेतल्या तीन आजींनी एकदम वळून पाहिले.

"आलोच आहोत तर तुझाही नंबर लावून घे," आई म्हणाली.

उतरताना कठडा एकाच बाजूला असल्याने तो आईने धरला आणि मी आईचा खांदा.